तीन टिकल्या आणि एक टकटक

“रेश्मे, बंद कर! लवकर बंद कर!”

“कसं बंद करू? बाणच हलेना झालाय!”

रेश्मानं माऊस टेबलावर आपटला, गरागरा फिरवला. काही उपयोग नाही! पडद्यावरची लाल मोटार ऐन वळणावर थिजून उभी होती आणि टेबलाखालच्या डब्यातून आवाज येत होता, टक टक टक टक! जणू आत सुतारपक्षीच शिरला होता.

तेवढ्यात अंगणात मोटारसायकल फटफटली.

“मेलो! पप्पा आले!” ऋषिराज म्हणाला. तो सरळ भिंतीपाशी गेला आणि त्यानं प्लगच उपटला. खट्! पडदा काळा झाला.

“फ्लॉपी! फ्लॉपी काढ!”

रेश्मानं खेळाची फ्लॉपी ओढून ओढणीखाली लपवली. संभाजीमामा आत आले तेव्हा दोघं एकच पुस्तक धरून बसली होती. तेही उलटं!

“काय चाललंय मंडळी?”

“अभ्यास!” दोघं एकदम म्हणाली.

दिवाळीची सुट्टी, भाऊबीज कालच झालेली, आणि अभ्यास! दुसऱ्या कुणी कान पिळले असते. मामा मात्र कौतुकानं हसले. “बघ गं,” त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून मामीला हाक मारली, “बारामतीची भाची आली की आपला ऋष्यासुदिक पुस्तक धरतोय! हिला दोन करंज्या जास्त दे!”

करंजी आली. गोड होती, खुसखुशीत होती. पण रेश्माच्या घशाखाली काही ती उतरेना.

मामांच्या कॉम्प्युटरला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हा निरवांगीच्या त्या घरातला एकच कडक नियम. एरवी झाडावर चढा, ट्रॅक्टरवर बसा, विहिरीत डुंबा, कुणी काही म्हणत नसे. मामा त्या यंत्रावर लग्नपत्रिका आणि जाहिराती जुळवून देत. पण नियम पत्रिकांसाठी नव्हता. नियम तात्याबांसाठी होता.

तात्याबा म्हणजे मामांचे वडील, रेश्माचे आजोबा. सगळ्या पंचक्रोशीचे कीर्तनकार! ते कीर्तनाला उभे राहिले की नरसिंहपूरच्या देवळात पाय ठेवायला जागा उरत नसे. पूर्वरंगात माणसं मान डोलवत, उत्तररंगात डोळे पुसत. रेश्मा पाच वर्षांची असल्यापासून त्यांच्या मागं टाळ धरून उभी राहायची. तात्याबांनी आपलं कीर्तन कधी कागदावर उतरवलं नाही. “लिहिलं की वाळतं,” म्हणायचे.

मग गळ्याचं दुखणं निघालं. ऑपरेशन करावं लागणार, जीव वाचेल पण आवाज जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा तात्याबा हसले आणि मामांना म्हणाले, “चल, बस त्या खोक्यापुढं. मी बोलतो, तू टिप.” सबंध पावसाळाभर रोज संध्याकाळी ते बोलत राहिले, मामा टिपत राहिले. सगळं त्या डब्यात गेलं. त्यानंतर ऑपरेशन झालं. आता तात्याबा बोलत नव्हते. हसायचे, खुणा करायचे, मांडीवर ठेका धरायचे, बस्स.

आणि त्याच डब्यात रेश्मानं मैत्रिणीकडून आणलेला मोटारींचा खेळ घातला होता!

संध्याकाळी मामा कॉम्प्युटरपुढं बसले. रेश्मा दाराच्या आडून बघत होती.

पडदा उजळला. टक टक टक टक!

“आँ?” मामांनी कान दिला. थोडा वेळ काम चाललं आणि मग सगळं जागच्या जागी गोठलं. मामांनी पुन्हा चालू केलं. या वेळी तर लगेचच गोठलं. मामांचा चेहरा उतरला. त्यांनी बारामतीच्या दुकानात फोन लावला. ते इतक्या मोठ्यानं बोलत होते की फोनशिवायही बारामतीला ऐकू गेलं असतं!

“आवाज येतोय साहेब! टकटक टकटक! ...काय? हार्ड डिस्क? ...गेली? ...न बघताच? ...बरं बरं, आवाजावरनं कळतं व्हय... मग आतलं? आतलं निघंल का न्हाय?”

मग त्यांनी फोन हळूच ठेवला.

“काय म्हटले?” मामीनं विचारलं.

“हार्ड डिस्क गेली म्हणत्यात. उद्या दुपारी घेऊन या म्हटले, नवी बसवू. जुन्यातलं विसरा म्हणं.”

“पण तात्याबांचं... दुसरीकडं उतरवून ठिवलं आसंल की?”

“करू करू म्हणत ऱ्हायलं,” मामा पुटपुटले.

कोपऱ्यात बाजेवर तात्याबा बसले होते. मांडीवर ठेका धरलेली त्यांची बोटं थांबली. त्यांनी कुणाकडं पाहिलं नाही, फक्त डोळे मिटले.

रेश्माला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावी!

जेवताना मामी म्हणाली, “का गं, भाजी आवडली न्हाय?” तर तिला रडूच फुटलं. “तिखट लागलं,” ती म्हणाली. भाजी होती दुधीची! परसात गाठून ऋषिराज कुजबुजला, “हे बघ, आपण कायबी सांगायचं न्हाय. प्लग मी काढला, खेळ तू घातला. फिट्टंफाट!”

“फिट्टंफाट काय? आपण तात्याबांना दुसऱ्यांदा मुकं केलं, ऋष्या!”



सकाळी मामा जीप ठरवायला इंदापूरला गेले, मामी उसातल्या बायकांना चहा द्यायला. रेश्मा उठली ती थेट शेजारी करुणाकडे गेली. करुणाचे वडील शाळेत गुरुजी. ती स्वतः इंदापूरच्या शाळेत जायची आणि तिथल्या कॉम्प्युटरच्या खोलीत पहिल्या बाकावर बसायची. रेश्मानं तिला सगळं सांगून टाकलं. फ्लॉपी, लाल मोटार, प्लग, सगळं. सांगता सांगता नाक पुसलं.

करुणानं शांतपणे ऐकून घेतलं. “रडून झालं?”

“झालं.”

“मग मला सांग, डिस्क गेली हे ठरवलं कुणी?”

“दुकानदारानं. फोनवर.”

“फोनवर!” करुणानं कपाळाला हात लावला. “आमच्या म्हशीचा डॉक्टरसुदिक म्हशीला बघितल्याबिगर औषध देत न्हाय! चल, आपण तपासू. डिस्कची एकेक जागा तपासायचा प्रोग्रॅम आतच आसतोय. स्कॅनडिस्क म्हणत्यात.”

“पप्पा यायच्या आत उरकू,” ऋषिराज हात चोळत म्हणाला. “कुणाला कळायचं न्हाय!”

“नाही,” रेश्मा म्हणाली. “चोरून हात लावला म्हणून तर हे झालं. आता विचारूनच!”

“कुणाला इचारणार? घरात हाय कोण?”

रेश्मा बाजेपाशी गेली. “तात्याबा, आम्ही मशीन तपासू? नीट करता येतंय का बघतो. पण... चुकलं तर आणखी बिघडेल.”

तात्याबांनी तिच्याकडं पाहिलं. जणू तिच्या मनातलं सगळं त्यांना दिसत होतं. रेश्मानं मान खाली घातली. मग ते उठले, काठी टेकत आले आणि कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसले. मानेनंच म्हणाले, चला!

करुणानं प्रोग्रॅम सुरू केला. पडद्यावर एक पांढरी पट्टी आली. तपासणी जसजशी पुढं जाईल तसतशी ती निळी होऊ लागली. टक टक टक टक, आतून आवाज चालूच होता. पट्टी अर्ध्याच्या पुढं गेली, आणखी पुढं गेली आणि... थिजली!

“संपलं,” ऋषिराज म्हणाला. “तितंच खराब हाय!”

“थांब. जागेची खूण करू.” करुणानं इकडंतिकडं पाहिलं. मामीच्या आरशावर टिकल्या चिकटवलेल्या होत्या. तिनं एक लाल टिकली काढली आणि पट्टी थांबली होती तिथं पडद्याच्या काचेवर लावली. “आता परत चालू करू.”

दुसऱ्या खेपेला पट्टी जेमतेम सुरू झाली आणि लगेच अडकली, पहिल्या टिकलीच्या कितीतरी अलीकडं! काचेवर दुसरी टिकली लागली.

“हे काय? आता हितं खराब?”

रेश्मा दोन टिकल्यांकडं टक लावून बघत होती. तिच्या डोक्यात काहीतरी वळवळत होतं. “करुणा, तात्याबांच्या कीर्तनाची एक कॅसेट आमच्याकडे आहे. तिची फीत एका जागी चुरगळलीय. ‘अरे माणसा’ म्हटलं की तिथं ती रडते. कधीही लावा, तिथंच! अलीकडे नाही, पलीकडे नाही.”

“मग?”

“मग डिस्कवरची जागा खराब असती, तर ती दर वेळी त्याच जागी अडकली असती ना? ही तर मनाला येईल तिथं अडकतेय!”

करुणाचे डोळे चमकले. “आन् दुसऱ्यांदा लवकर का अडकली? मशीन गार व्हायच्या आत चालू केली म्हणून! ऋष्या, बंद कर. चिवडा आण!”

“चिवडा कशाला मशीनला?”

“आपल्याला, शहाण्या! ते गार होईस्तोवर!”

ताटलीभर चिवडा संपला. करुणानं पोहे खाल्ले, ऋषिराजनं खोबरं तेवढं वेचून खाल्लं. मग तिसरी तपासणी झाली. पट्टी सरळ धावली, दुसऱ्या टिकलीवरून पुढं गेली, जवळजवळ पहिलीपर्यंत पोचली आणि थांबली. तिसरी टिकली!

“गार असलं की चालतं, तापलं की थकतं!” रेश्मा ओरडली. “डिस्क नाही, दुसरंच काहीतरी तापतंय!”

“आन् टकटक?” ऋषिराज म्हणाला. “ती काय भूत करतंय?”

तेवढ्यात तात्याबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. त्यांनी आपल्या कानाकडं बोट दाखवलं, मग डब्याकडं. ऐका!

पडदा गोठलेला होता. डिस्कची कुरकुर बंद झाली होती. पण टक टक टक टक चालूच होती!

तात्याबांनी मांडीवर ठेका धरला. टकटकीबरोबर बरोब्बर जुळला. रेश्मानंही बोटांनी तोच ठेका धरला. इतकी वर्षं ती उगाच टाळ धरून उभी राहिली नव्हती!

“डिस्क वाचते, थांबते, परत वाचते. तिची कुरकुर कशीही येते,” ती भराभर बोलू लागली. “ही टकटक ठेक्यात आहे, न थांबता. म्हणजे जे एकसारखं गोल फिरतंय, तेच वाजतंय!”

“पंखा!” करुणा म्हणाली. “आत पंखा आसतोय, गार करायला!”

ऋषिराज धावत जाऊन रॉकेलचं नरसाळं घेऊन आला. त्याला त्यानं फवारणीच्या पंपाची नळी जोडली आणि टोक कानाला लावलं. “डॉक्टर ऋषिराज! श्वास घ्या, कॉम्प्युटरराव!”

“वास येतोय तुझ्या डॉक्टरकीचा! सरक!” रेश्मानं नळी घेतली. नरसाळं पुढं लावलं, जिथं डिस्क होती. जवळजवळ शांत. मागं सरकवलं, मधोमध आणलं. टक! टक! टक! कानठळ्या!

“डबा उघडायला हवा,” ती म्हणाली आणि तिनं तात्याबांकडं पाहिलं. तात्याबांनी मान हलवली.

“आधी वायर काढ!” करुणानं बजावलं. “विजेशी मस्ती न्हाय!”

झाकणाच्या कडेला दुकानदाराचा कागद चिकटवलेला होता. ‘उघडू नये.’ रेश्मानं नखानं जरा उचकटला, तर तो अख्खा हातातच आला! मागं काहीतरी पांढरं, वाळलेलं होतं.

“भाताची शितं!” ऋषिराज पुटपुटला. “दुकानवाला शितांनी कागद चिकटवतो?”

तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. स्क्रू बघितले, तर तेही नुसते बोटानं फिरवून बसवलेले.

“आपल्या आधी कुणीतरी हे उघडलंय!” रेश्मा हळूच म्हणाली.

झाकण निघालं. तिघांनी एकदम डोकी आत घातली, त्यामुळं ती एकमेकांवर आपटली. मग तिघांच्याही तोंडून एकच आवाज निघाला, “आईशप्पथ!”

हार्ड डिस्कच्या चकचकीत पाठीवर हळदीकुंकवाची ठसठशीत बोटं होती! तारांवर झेंडूच्या पाकळ्या होत्या. आणि मधल्या छोट्या पंख्यात? हाराचा दोरा त्याच्या आसाला गुंडाळला गेला होता, आणि पात्यांशेजारी कुंकवानं माखलेला, अख्खा, टपोरा अक्षतेचा दाणा अडकून बसला होता. पातं फिरलं की दाण्याला टक! मशीन चालू असताना पंखा फिरत असणार, पण दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखा.

“चोर न्हाय रे,” करुणा म्हणाली, “भक्त शिरलाय भक्त!”

ऋषिराज गडाबडा लोळायचाच बाकी होता. तात्याबांचे खांदेही गदगदत होते. रेश्मा मात्र हसली नाही. ती मटकन खाली बसली. एकच विचार मनात आला, मी नाही! मी नाही केलं हे! लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ती बारामतीत होती. खेळ घातला तो नंतर. डब्यातली टकटक तिच्या आधीच आली होती!

“सुटलीस!” ऋषिराजनं तिच्या पाठीत थाप मारली. “आता खेळाचं कुणाला कळायचं कारणच न्हाय. गप ऱ्हा!”

खरंच की! कुणाला कधीच कळलं नसतं. पण मग ती कालची करंजी आठवली. मामांचं ते भोळं, कौतुकाचं हसू आठवलं. ते काही पंख्यातल्या दाण्यासारखं चिमट्यानं काढून टाकता येण्यासारखं नव्हतं.

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. मामा आणि मागोमाग मामी आत आले. उघडा डबा बघून मामा दारातच थबकले. “हे काय? कुणी उघडलं हे?”

“मी,” रेश्मा उभी राहिली. “पण मामा, आधी दुसरं सांगायचंय. काल तुम्ही आलात तेव्हा आम्ही अभ्यास करत नव्हतो. मी न विचारता खेळ घातला होता. तो अडकला, मग आम्ही प्लग ओढला आणि तुमच्याशी खोटं बोललो. बिघाड त्यानं झाला नाही, हे आम्हाला आता कळलंय. पण मी खोटं बोलले ते बोललेच.”

“प्लग मी वढला,” ऋषिराज खालच्या आवाजात म्हणाला. “आन् खेळ घाल म्हणून मागं मीच लागलोवतो.”

मामांनी ओरडायला तोंड उघडलं. पण त्यांची नजर डब्यात गेली. डिस्कवरची हळदीकुंकवाची बोटं त्यांना दिसली आणि उघडलेलं तोंड तसंच मिटलं. कान लाल झाले.

“मामा,” करुणानं अगदी साळसूदपणे विचारलं, “ही बोटं कुणाची हो?”

मामांनी मामीकडं पाहिलं. मामीनं छताकडं.

“ही म्हटली,” मामा चाचरत म्हणाले, “ट्रॅक्टरची पूजा करताना बॉनेट उघडून इंजिनला कुंकू लावता, मग ह्या बिचाऱ्याची पूजा नुसती पत्र्यावरनं का? मलाबी पटलं...”

“मी पूजा करा म्हटलं होतं!” मामी उसळली. “मूठभर अक्षता आत टाका म्हटलं न्हवतं! हार तुमीच ठिवला आत!”

“आन् दुकानवाल्यानं उघडू नका म्हटलं होतं, म्हणून कागद परत शितांनी चिकटवला,” मामा म्हणाले. “काल फोनवर त्यालाबी सांगितलं न्हाय. लाज वाटली. तात्याबांचा सगळा ठेवा गेला असता, तरी मी गप बसलो असतो गं पोरी. तू बारा वर्षांची, तू बोललीस. मी एवढा घोडा!”

करुणानं चिमट्यानं दाणा काढला आणि आदरानं देव्हाऱ्यात ठेवला. दोरा कातरला, पाकळ्या वेचल्या, मऊ ब्रशनं धूळ झाडली. झाकण बसलं. मामांनी हात जोडून बटण दाबलं.

आवाज नाही! नुसती मंद, सुरेल घरघर, तंबोऱ्यासारखी. स्कॅनडिस्क सुरू झाली. निळी पट्टी दुसऱ्या टिकलीवरून गेली, तिसरीवरून गेली, पहिलीवरून गेली आणि काठाला जाऊन टेकली. एकही जागा खराब नाही!

“बोला नरसिंह महाराज की जय!” मामा गरजले. “त्या दुकानवाल्याला आता मी फोन करून सांगतो, आमच्या पोरींनी नरसाळ्यानं डिस्क तपासली म्हणून!”

“नरसाळं माझं होतं!” ऋषिराज म्हणाला.

तात्याबा मात्र पुढं सरकले होते. त्यांनी मामांना खूण करून कीर्तन उघडायला लावलं. मग स्वतःच्या बोटानं कळ दाबत दाबत ते पानं सरकवत गेले. एका जागी थांबले. रेश्माकडं वळले आणि ओळीवर बोट ठेवलं. वाच.

रेश्मानं घसा खाकरला. नुसतं वाचावं म्हणून तिनं सुरुवात केली, पण ते शब्द कीर्तनाचे होते. दुसऱ्या ओळीला ते आपोआप चालीवर आले.

“झाकलेली चूक उंबऱ्यात बसून राहते, बाबांनो. येता जाता ठेच लावते. दार उघडा, तिला नावानं हाक मारा. ती आपणहून उठून जाते.”

तात्याबा मांडीवर ठेका धरत होते. त्यांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. आवाज तिचा, बोल त्यांचे. मामीनं डोळ्याला पदर लावला. वाचून झाल्यावर तात्याबांनी खुंटीवरचे आपले पितळी टाळ काढले, पोरवयापासून कुणाला हात लावू न दिलेले, आणि ते रेश्माच्या गळ्यात घातले. मग करुणाच्या आणि ऋषिराजच्या डोक्यावर हात ठेवला.

“आता आधी दुसरीकडं उतरवून ठिवा,” मामी म्हणाली. “करू करू न्हाय. आत्ता!”

मामांनी खण उपसला. “रिकामी फ्लॉपी एकबी न्हाय. इंदापूरला जावं लागंल.”

“माझ्याकडे आहे,” रेश्मा म्हणाली.

तिनं पिशवीतून ती खेळाची फ्लॉपी काढली.

“अगं, आन् तुझा खेळ?” मामांनी विचारलं.

“पुसा. मैत्रिणीनं मला कायमची दिलीय. फ्लॉपी माझीच आहे.”

ऋषिराजनं एक उसासा टाकला, अगदी लांबलचक.

लाल मोटार गेली. सबंध पावसाळाभराचं बोलणं त्या तळहाताएवढ्या चौकोनी तुकड्यात मावलं. रेश्मानं वरच्या कागदावरचं खेळाचं नाव खोडलं, खाली ठसठशीत अक्षरात ‘तात्याबा’ लिहिलं आणि पडद्यावरच्या तीन टिकल्यांपैकी एक काढून कोपऱ्यात लावली.

तात्याबांनी फ्लॉपी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि ते तिला देव्हाऱ्यात ठेवायला निघाले.

“तात्याबा!” तिन्ही पोरं एकदम ओरडली. “हळदीकुंकू लावायचं नाही हं!”